कॅप्सलॉकचा बंदोबस्त

१२ ऑक्टोबर, सोमवार

प्रोग्राम पुन्हा पडला. चाचणीच चालू होती म्हणून बोभाटा झाला नाही. पंप सुरू, पडद्यावर सगळे आकडे हिरवे, झडप सांभाळणारे मुकाम्बेत आके (वडीलधाऱ्याला आम्ही आके म्हणतो) स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतायत, आणि एकाएकी सगळं ठप्प. आकेंनी टरफलं खिशात टाकली, लोखंडी जिना चढून गेले आणि गरम पाण्याची मोठी झडप हाताने फिरवत बसले. वरून ओरडले, "कादिरकुल, तुझा लेक पुन्हा झोपला रे!"

लेक म्हणायला हरकत नाही. हा प्रोग्राम मी एकट्याने लिहिला. कॉलेज नाही, क्लास नाही. बॉयलर-हाऊसचा इलेक्ट्रिशियन होतो, एक मुखपृष्ठ फाटलेलं रशियन पुस्तक हाताला लागलं, बाकी सगळं स्वतःच्या डोक्यातून. आज नारिन शहराच्या या अंगाच्या सगळ्या इमारती त्याच्यावर गरम होतात, माझं घरसुद्धा. अधूनमधून पडतो. का पडतो, कधी पडतो, याला नियम नाही.

झार्किनायने वर बोलावलं. ती आमची मुख्य इंजिनिअर. डिग्रीवाली, माझ्यापेक्षा लहान, बोलते अदबीने. म्हणाली, "आके, चौकात बर्फ टिकायला लागायच्या आत कारण शोधा. नाहीतर राजधानीतून, बिश्केकहून, तयार सिस्टिम मागवायचं ठरलंय. मग तुमचा प्रोग्राम..." आणि उरलेलं वाक्य खिडकीबाहेर सोडून दिलं.

मी म्हटलं, एका दुपारचं काम आहे. तिला समजेल अशा भाषेत सांगितलं की डीबगर म्हणजे प्रोग्रामच्या मानगुटीवर बसवलेला पहारेकरी. प्रोग्राम कोसळला की तो त्याला पडता पडता धरून ठेवतो. मग आपण कीबोर्डवरून विचारायचं, बाबा कुठल्या ओळीत होतास, हातात काय होतं. तो सांगतो.

"मग आजवर विचारलं का नाही?" म्हणाली.

प्रश्न बरोबर होता. विचारण्याचा सूर बरोबर नव्हता.

१३ ऑक्टोबर

डीबगर उघडला आणि पहिल्याच मिनिटाला कळलं की असं काम होणे नाही. आधी दिलेली आज्ञा परत आणायची तर बाणाचं बटण दाबा. बाण कीबोर्डच्या पार उजवीकडे. हात उचलला की विचार तुटतो. दुसरी पद्धत ईमॅक्स नावाचा एडिटर वापरणाऱ्यांची: कंट्रोल दाबून धरा आणि करंगळी मोडून घ्या.

मी व्हीआय या दुसऱ्या एडिटरच्या पद्धतीचा माणूस. त्यात कीबोर्डच्या दोन अवस्था. एक लिहिण्याची, त्यात के दाबलं की के उमटतं. दुसरी फिरण्याची, त्यात के दाबलं की मागची आज्ञा आपोआप समोर येते, हात जागचा हलत नाही. एका अवस्थेतून दुसरीत जायला एस्केप. प्रत्येक नवी ओळ लिहिण्याच्या अवस्थेत सुरू होते, म्हणून आधी एस्केप, मग के, मग एंटर. पियानोसारखं.

सेटिंग्जच्या फाईलीत एक ओळ घातली. झालं. उद्या बग.

१५ ऑक्टोबर

हीटिंग अधिकृतपणे सुरू. प्रोग्राम चहाच्या आधीच पडला. डीबगर बसवलेला नव्हता, कारण मी एस्केपच्या प्रश्नात होतो. एस्केप डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात. म्हणजे बाणासाठी उजवा हात उचलायचा वाचला आणि डावा उचलायचा वाढला. ही सुधारणा नव्हे.

मुकाम्बेत आके झडपेवरून: "काय रे, सापळा लावलास का?"

मी म्हटलं, सापळ्याची मूठ बसवतोय.

"उंदीर मुठीला अडकतो होय?"

आके ट्रक चालवायचे. उपकरण आणि ते वापरण्याची सफाई यातला फरक त्यांना कोण सांगणार.

१६ ऑक्टोबर

उत्तर सापडलं: कॅप्सलॉक. बोटाखालची सर्वांत मोक्याची जागा. तिथे एस्केप बसवायचा.

अडचण एकच. आमच्याकडे कॅप्सलॉकने लिपी बदलते. एकदा दाबला की किर्गिझ, पुन्हा दाबला की इंग्रजी. मेसेज एका लिपीत, काम दुसऱ्या लिपीत, दिवसभर तेच चालतं. ही सवय या इमारतीत सगळ्यांच्या करंगळीत मुरलेली आहे, माझ्याही. ती घालवता येणार नाही. एस्केपही सोडता येणार नाही.

दोन्ही ठेवणार.

२० ऑक्टोबर

ठेवले! एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो मागे बसून बघतो की पडद्यावर पुढे कुठली खिडकी आहे. डीबगरची असेल तर कॅप्सलॉक म्हणजे एस्केप. दुसरी कुठलीही असेल तर कॅप्सलॉक म्हणजे लिपीबदल. मला कुणी शिकवलेलं नाही हे.

बायकोला, बुरुलला, जेवताना सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, चहात जॅम घातला, म्हणाली, "अहो, पण ते बटण एकच ना? मग त्याला कसं कळणार तुमच्या मनात काय आहे?"

मनात नाही, खिडकीत, म्हटलं. "बरं," म्हणाली, आणि बंडीवर दुसरी नमद्याची बंडी चढवली. रेडिएटर कोमट होता. प्रोग्राम संध्याकाळी पडला होता म्हणे.

२६ ऑक्टोबर

नवी भानगड. मेसेज लिहून डीबगरकडे आलो तर लिपी किर्गिझच राहिलेली असते. किर्गिझ आम्ही रशियन लिपीतच लिहितो, मग के दाबलं की रशियन अक्षर जातं आणि डीबगर मख्खासारखा बघत राहतो. साध्या माणसाने लिपी बदलली असती. मी प्रत्येक इंग्रजी आज्ञेला तिच्या जागेवरच्या किर्गिझ अक्षराची जोड द्यायला घेतली आहे. म्हणजे कुठलीही लिपी असो, बोट चुकणार नाही.

रशियन अक्षरं झाली. आमची तीन खास अक्षरं राहिली, जी रशियनमध्ये नाहीत आणि जादा बटण दाबून काढावी लागतात. त्यांना काय काम द्यावं?

झार्किनाय खाली आली होती. मी फाईल दाखवली. तिने चष्मा वर केला, खाली केला. "आके, या तीन अक्षरांनी डीबगरला कधी काही सांगायचं असतं का?"

नाही.

"मग?"

मग फाईल अपुरी राहते.

जाताना म्हणाली, शाळेकडच्या इमारतींमधून कालपासून फोन येतायत. मी म्हटलं, नोंद घेतली.

३ नोव्हेंबर

सकाळी बर्फ. चौकात पांढरं झालं. दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन बघत होतो, खोटं कशाला लिहू. पण दुपारच्या आत वितळलं. झार्किनायला जाऊन सांगितलं की नियमाप्रमाणे हा बर्फ टिकलेला नाही, पडलेला आहे.

म्हणाली, "आके, बर्फावर लक्ष ठेवायला माणूस नको आहे मला."

तिला ताण आहे.

९ नोव्हेंबर

दोन निर्णय, दोन्ही तत्त्वाचे.

पहिला. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत की फिरण्याच्या, ते ओळीच्या सुरुवातीला दाखवण्याची सोय असते. ती बंद ठेवली. ज्याला आपण कुठे आहोत हे पाटी वाचून कळतं, त्याने कीबोर्डला हात लावू नये.

दुसरा. डीबगर धोक्याची आज्ञा आली की विचारतो, खरंच करू का? होय की नाही? प्रत्येक वेळी. जसं काही मी झोपेत टाईप करतोय. हा प्रश्न कायमचा बंद केला. मी जे सांगेन ते खरंच असतं.

आता डीबगर माझ्या हातात हातमोज्यासारखा बसतो. उद्यापासून बग.

१० नोव्हेंबर

डीबगरच्या खिडकीचा निळा रंग बरोबर नाही. डोळ्याला टोचतो.

१२ नोव्हेंबर

अजून टोचतोय.

१४ नोव्हेंबर, शनिवार

बुरुलच्या भावाकडे सोगुम. बैतिकने हिवाळ्यासाठी घोडा कापला, सगळे नातेवाईक जमले, आतडी धुणं, त्यांत मांस भरून चुचुक करणं, दिवसभराचं काम. घरचा जावई म्हणून मला घोड्याचे पाय धरावे लागतात. लॅपटॉप घेऊन गेलो. वेळ मधेमधे मिळतोच.

बैतिक हात कोपरापर्यंत लाल करून दारात आला. "भावोजी, आत सगळे तुमची वाट बघतायत. घोडासुद्धा बघत होता, शेवटी कंटाळून गेला."

सगळे हसले. मी म्हटलं, शेवटचं एक अक्षर उरलंय.

"मग नारिन गोठतंय ते त्या अक्षरापायी का?"

पुन्हा हसले. या वेळी बुरुलही हसली. तिचं हसणं मला लागलं. घरी येताना तिने मांडीवर चुचुकचा डबा धरला होता आणि खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "तुम्ही लिहिलेला प्रोग्राम आहे, मी कधी काही बोलले? शेजारीण विचारते, घर थंड का, तर मी सांगते पाइप जुने आहेत. पण या वेळी खरंच शोधा हो. ते काढून टाकलं तर तुम्ही काय करणार दिवसभर?"

हे तिने विचारायला नको होतं. काढून टाकण्याचा प्रश्नच नाही. फाईल पूर्ण झाली.

१७ नोव्हेंबर

प्रोग्राम आज डीबगरच्या पहाऱ्यात चालू केला. आता पडूच दे.

पडल्यावर विचारायची आज्ञा आधीच तयार ठेवली आहे. लांबलचक आहे, त्या क्षणी कुठली ओळ, तिथे कोणत्या ओळीतून आला, प्रत्येक ठिकाणी काय हातात होतं, सगळं एकदम सांगेल. एकदा देऊन पाहिली. म्हणजे आता मागची आज्ञा हीच. पडला की कॅप्सलॉक, के, एंटर. तीन बटणं. मुकाम्बेत आकेंना करून दाखवलं.

म्हणाले, "आणि हे तू टाईप केलंस तर?"

टाईप करता येतं. पण मग आपण एवढे दिवस केलं काय?

"तेच विचारतोय मी," म्हणाले.

१९ नोव्हेंबर

पडला नाही. पहारा बसल्यापासून शहाण्यासारखा चालतोय.

चौकात पुतळ्यामागच्या सावलीत बर्फ आहे. सावलीतला धरायचा नसतो.

२१ नोव्हेंबर

पडत नाही! आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रोग्राम पडावा म्हणून मी देवाला हात जोडतोय.

बर्फ उन्हातही आहे. झार्किनायने मेसेज केला, सोमवारी ती बिश्केकला होकार कळवणार. मी उलट लिहिलं, सोमवार संपूर्ण सोमवार असतो. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ ठीक आहे असाही होतो.

२३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

पडला!!

डीबगरने धरला. काय धरला! तसाच उभा, लगाम ओढलेल्या घोड्यासारखा. पडद्यावर एक पत्ता छापलाय, तो दुसऱ्याने लिहिलेल्या कुठल्या तरी तयार कोड-लायब्ररीच्या पोटातला. माझ्या कोणत्या ओळीने त्याला तिथे नेलं एवढंच आता विचारायचं. झार्किनायला कळवलंय, ती येतेय. ती आली की तिच्यासमोर विचारणार. तोवर हे लिहितोय.

२३ नोव्हेंबर, नंतर

जसं घडलं तसं लिहितो. तपशिलात चूक नको.

झार्किनायने मेसेज टाकला होता, "धरला का?" मी कॉम्प्युटरवरून, अर्थातच आपल्या भाषेत, लिहिलं, "धरला. खाली या." मग डीबगरच्या खिडकीत आलो. ती आली. मुकाम्बेत आकेही झडप अर्धी सोडून आले. म्हणाले, "बघू तरी मूठ कशी आहे." दोघं माझ्या मागे उभे.

मी कीबोर्डकडे पाहिलं नाही. पडद्याकडेही नाही. तिच्याकडे वळून म्हटलं, बघा, न बघता. कॅप्सलॉक. के. एंटर.

त्या आधीच्या क्षणाला मेसेजची खिडकी पुढे उसळून आली होती. "आले," असं झार्किनायने जिन्यावरून लिहिलेलं होतं, ते आत्ता पोचलं. अक्षरं डीबगरमध्येच जात होती, पण माझ्या मागे बसलेल्या छोट्या प्रोग्रामला पुढे मेसेज दिसला. म्हणून कॅप्सलॉकने एस्केप केला नाही. लिपी बदलली. किर्गिझची इंग्रजी केली, तेही अचूक. मी लिहिण्याच्याच अवस्थेत राहिलो आणि के हे अक्षर उमटलं. नुसतं के.

डीबगरमध्ये नुसतं के लिहून एंटर दाबलं तर त्याचा अर्थ, हातातला प्रोग्राम ठार कर. हे मला माहीत होतं. मला त्याच्या सगळ्या आज्ञा माहीत आहेत.

त्याने विचारलं नाही. मीच त्याला विचारू नकोस म्हणून सांगितलं होतं.

पडद्यावर एक ओळ आली. झार्किनाय पुढे वाकली. "सापडलं? काय म्हणतोय?"

मी म्हटलं, म्हणतोय, मारला.

मुकाम्बेत आके म्हणाले, "कोणी?"

मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. मग आके म्हणाले, "बरं, मी झडपेवर जातो," आणि गेले. झार्किनायने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिने आजवर कधी ठेवला नव्हता. म्हणाली, "आके, चहा घ्या." एवढंच.

२४ नोव्हेंबर

शांतपणे विचार केल्यावर: दोष बटणांचा नाही. मेसेजची खिडकी आगाऊ आहे. तिचा बंदोबस्त दहा मिनिटांचा. पुन्हा चालू केलाय, पुन्हा पहाऱ्यात. आता फक्त पडला पाहिजे.

झार्किनायला सांगितलं. म्हणाली, काल संध्याकाळी होकार कळवला. अगदी हळू म्हणाली.

२७ नोव्हेंबर

पडत नाही.

१ डिसेंबर

मेसेजच्या खिडकीचा बंदोबस्त पूर्ण. अवस्था दाखवणारी पाटीही लावली, कुणी बघत नसताना. "खरंच करू का?" हे विचारायची परवानगीही परत दिली. आता तो मला प्रत्येक गोष्टीला विचारतो. उत्तर देत बसतो.

पडत नाही.

३ डिसेंबर

बिश्केकची माणसं आली. दोघं, जाड जॅकेट, हसतमुख. भिंतीवर एक पांढरी पेटी ठोकली. तिला कीबोर्ड नाही. मी विचारलं, आज्ञा कशी द्यायची? एक म्हणाला, "द्यायची नसते, आके. ती बघते तिचं ती."

माझा प्रोग्राम बंद करायला मलाच सांगितलं. रिवाजच आहे म्हणे, ज्याने चालू केलं त्याने. डीबगरमध्येच होता. आज्ञा दिली. त्याने विचारलं, खरंच करू का?

बिश्केकवाला घड्याळ बघायला लागला तेव्हा होय म्हटलं.

त्या क्षणापर्यंत तो पडला नव्हता. हे नोंदवून ठेवतो.

७ डिसेंबर

पगार तोच. काम नवं, तक्रारींचा फोन. घर थंड आहे म्हणून कोणी फोन केला तर लिहून घ्यायचं. झार्किनाय म्हणाली, "तुम्हाला सगळ्या इमारती पाठ आहेत, तुमच्याशिवाय कोण करणार." टेबल खिडकीशी दिलंय. तिथून चौक दिसतो.

मुकाम्बेत आकेंना झडपेवर जावं लागत नाही. माझ्या समोर येऊन बसतात, बिया फोडतात, अर्ध्या मला देतात. आज म्हणाले, "कादिरकुल, तुझा होता तेव्हा निदान व्यायाम व्हायचा रे." बरं वाटावं म्हणून म्हणाले. थोडं वाटलं.

फोन वाजला नाही.

९ डिसेंबर

फोन वाजला नाही. उचलून बघितला, चालू आहे.

१२ डिसेंबर, शनिवार

बाहेर नारिन नदी काठाशी गोठलीय. दुपारी घरी बसलो होतो. बुरुल कणीक मळत होती. मधेच तिने नमद्याची बंडी काढून खुंटीला लावली. मग आतली. थोड्या वेळाने पिठाच्या हाताने उठली, खिडकीची वरची झडप ढकलली, उघडी ठेवली.

मी विचारलं, काय झालं?

"उकडतंय," म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने खिडकी लावायला गेली.

मी म्हटलं, असू दे. उघडी असू दे.